दसऱ्यानंतर रोपवाटिकेतून काय आणाल?

परतीचा पाऊस ओसरला, घट उठले आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले की रोपवाटिकांची अंगणे एकदम भरून जातात. पावसाळाभर तेथे आंबा, नारळ, चिकूच्या कलमांची ये-जा असते. आता त्यांच्या जागी झेंडू आणि शेवंतीच्या कुंड्या, टोमॅटो, वांगी, मिरचीच्या रोपांचे ट्रे, कोबी-फ्लॉवरची बोटभर उंचीची रोपे आणि दोरीला टांगलेली बियाण्यांची पाकिटे दिसू लागतात. रविवारी सकाळी कोणत्याही नर्सरीत डोकावून पाहावे, गर्दी असतेच. मात्र बहुतेक मंडळी दोन शेवंत्या आणि एखादे रंगीत पानांचे झाड घेतात आणि दिवाळीच्या सजावटीची सोय झाली म्हणून समाधानाने परततात. मेथीच्या पाकिटाकडे फारसे कोणी पाहत नाही. हे सदर आरोग्याचे असल्यामुळे आज त्या पाकिटाविषयी, आणि त्याच रोपवाटिकेतून घरात आणताना दोनदा विचार करावा अशा काही गोष्टींविषयी लिहायचे आहे.

दसरा ते दिवाळी हा काळ पालेभाज्या लावण्यास उत्तम. पावसात पाला कुजतो, उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर हात-दोन हात वाढण्याआधीच फुलावर येते. आता दुपारी ऊन चटकत असले तरी रात्री गार होऊ लागतात आणि पुढचे चार महिने पानांना मानवतात. ज्यांच्याकडे परस आहे त्यांनी वाफे करावेत. ज्यांच्याकडे केवळ गच्ची किंवा व्हरांडा आहे त्यांनी फुटके घमेले, रंगाचा रिकामा डबा, फळांचे प्लॅस्टिकचे खोके, काहीही घ्यावे. तळाला भोके हवीत आणि वीतभर माती हवी. पालेभाजीला याहून अधिक काही लागत नाही.

रक्ताचा हिशेब

आता हा खटाटोप कशासाठी, ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के निघाले. म्हणजे आपल्या आळीतील निम्म्याहून अधिक घरांत हा रोग बसलेला आहे, आणि त्याला रोग म्हणून कोणी ओळखत नाही. जिना चढताना धाप लागते, पिंढऱ्या दुखतात, केस गळतात, मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही, कधी ती खडू किंवा माती चघळताना सापडते. घरात याला ‘कामाचा शीण’ किंवा ‘आळस’ अशी नावे पडतात. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असले तर तो रक्तक्षयच होय. तपासणी सोपी आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

आपल्याकडे या रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. आता भाज्यांकडे पाहा. शंभर ग्रॅम मेथीच्या पानांत सुमारे साडेपाच मिलिग्रॅम लोह असते. शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास, माठही याच पंक्तीतला. पालकात मात्र सुमारे तीनच. पालकाचा लौकिक त्याच्या लोहापेक्षा बराच मोठा आहे! शिवाय त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे जे लोह असते तेही आतड्यात पुरते शोषले जात नाही. पालक खाऊ नये असे नव्हे, त्यात इतर पुष्कळ गुण आहेत. पण केवळ रक्तवाढीसाठी एकच पाकीट घ्यायचे असेल तर मेथीचे घ्यावे.

वनस्पतीतून मिळणाऱ्या लोहाची एक अडचण आहे. त्याचा अगदी थोडा भाग, शंभरातले पाच-दहा भागच, शरीरात उतरतो. हा भाग वाढवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असणे. भाजी ताटात आल्यावर वरून लिंबू पिळावे, जेवणाबरोबर टोमॅटो-कोथिंबिरीची कोशिंबीर घ्यावी किंवा जेवण झाल्यावर पेरूची फोड खावी. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अडवून धरतो. तो तासभर पुढे ढकलला तरी पुष्कळ साधते. थंडीत आपल्याकडे बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी हा बेत घरोघर असतो. बाजरीच्या शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. त्या ताटात लिंबाची फोड तेवढी वाढवली की झाले.

कोणी म्हणेल, मेथीची जुडी बाजारात मिळते, मग घरी कशाला? त्याचे उत्तर असे की जुडी आणली तर भाजी आठवड्यातून एकदा-दोनदा होते. दारात वाफा असेल तर रोज मूठभर पाला वरणात, थालीपिठात, धपाट्यात, पोळीच्या कणकेत जातो. रक्त या रोजच्या मुठीने वाढते. दुसरे, तोडल्यापासून शिळी होत जाणाऱ्या पानांतील ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होत जाते. तिसरे कारण नाजूक आहे. अनेक गावांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाज्या पिकतात, हे आपण सर्वजण पाहतो आणि विसरतो. त्या भाजीबरोबर जंतांची अंडी घरात येतात.

एक गोष्ट मात्र वाफ्याने सुटणार नाही. आपल्या घरांत बाई शेवटी जेवायला बसते आणि तोवर पातेल्यात भाजीचा रस्सा तेवढा उरतो. ज्या घरात सुनेचे हिमोग्लोबिन आठ आहे त्या घरात मेथी कितीही उगवली तरी ती आधी तिच्या ताटात पडली पाहिजे. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर डॉक्टरचे अर्धे काम होते.

आणखी एक खुलासा येथेच करतो. भाजी ही गोळीची जागा घेऊ शकत नाही. हिमोग्लोबिन खाली गेलेले असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदरपणी मिळणारी लाल गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस, आणि शाळेत मिळणारी निळी गोळी आठवड्याला एक. शौचाचा रंग काळा होतो, थोडी मळमळ होते, म्हणून गोळ्या कपाटात पडून राहतात. रंग बदलणे ही भिण्याची बाब नव्हे. मात्र विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, काही कुटुंबांत थॅलेसेमिया असतो. तेथे रक्त कमी म्हणजे लोह कमी असे धरून चालत नाही. तपासणी झाल्याशिवाय महिनोन् महिने लोह घेत राहू नये.

बी कोणते, रोप कोणते

रोपवाटिकेत गेल्यावर पहिला गोंधळ होतो तो येथे. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर, मुळा, गाजर यांचे बी घ्यावे आणि जागेवरच पेरावे. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची तयार रोपे घ्यावीत. गाजराची रोपे कोणी विकत असेल तर घेऊ नयेत. उपटून लावलेल्या गाजराला दोन-तीन पाय फुटतात. शिवाय गाजराला थंडी लागते, त्यामुळे ते दिवाळी झाल्यावर पेरलेले बरे. मुळ्याचा ‘पुसा चेतकी’ हा वाण उष्णता सोसणारा असल्याने आताच्या उन्हातही चालतो. मुळ्याचा पाला टाकून देऊ नये. पीठ पेरून त्याची उत्तम भाजी होते, आणि लोहाच्या बाबतीत कंदापेक्षा पालाच सरस असतो.

मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि पंचवीस ते तीस दिवसांत खुडायला होते. दसऱ्याला पेरलेली मेथी तुळशीच्या लग्नाला ताटात येते, असा सोपा हिशेब ठेवावा. सगळे पाकीट एकदम पेरू नये. दर आठ दिवसांनी एक ओळ पेरली तर संक्रांतीपर्यंत तुटवडा पडत नाही. कोथिंबिरीसाठी धणे जाड कापडाखाली रगडून दोन दोन फाकळ्या कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात धीर सोडून माती उकरू नये. पालक महिना-सव्वा महिन्यात तयार होतो. तो मुळासकट न उपटता वरून कापावा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फुटतो.

पाकिटातील बियांविषयी एक अतिशय महत्त्वाची सूचना. बी गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या भुकटीने रंगवलेले असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. थायरम हे त्यातले नेहमीचे औषध. उरलेले धणे किंवा मेथ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून ते मसाल्याच्या डब्यात टाकण्याचा मोह काटकसरी गृहिणीला होणे स्वाभाविक आहे. तसे कदापि करू नये. पेरल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले पाकीट मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. उलट स्वयंपाकघरातील मेथ्या आणि धणे पेरायला चालतात, उगवण थोडी कमी-जास्त होते इतकेच.

रोप निवडताना उंच आणि फुलावर आलेले रोप पाहून भुलू नये. ठेंगणे, जाड बुंध्याचे, चार-पाच पानांचे, महिन्याच्या आतले रोप लवकर जीव धरते. पान उलटून पाहावे. खाली पांढऱ्या माश्या उडाल्या किंवा मिरचीची पाने आक्रसलेली दिसली तर तो ट्रे सोडावा. अशी रोपे घरी आणली की मागोमाग फवारणीची बाटलीही आणावी लागते. लावणी संध्याकाळी करावी आणि आठवडाभर दुपारची सावली द्यावी. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांकडे ओढला जातो आणि झेंडूच्या मुळांमुळे मातीतील सूत्रकृमी कमी होतात. दिवाळीच्या तोरणाला फुले मिळतात ती वेगळी.

रोपवाटिकेत रोपांवर औषध फवारलेले असते, हे लक्षात ठेवावे. शेवटची फवारणी कशाची आणि कधी केली ते मालकाला सरळ विचारावे, चांगला मालक सांगतो. कढीपत्ता किंवा पुदिना घरी आणल्या आणल्या फोडणीत टाकू नये. जुनी पाने गळून नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे.

चार झाडे

परस असेल तर या मोसमात चार झाडे डोळे मिटून लावावीत : शेवगा, पेरू, पपई आणि कागदी लिंबू. पेरूच्या शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे लिंबाच्या रसाच्या कितीतरी पट. रोपवाटिकेत ‘सरदार’ किंवा ‘लखनौ ४९’ म्हणून जे कलम मिळते ते नावाने उत्तरेकडचे वाटते. प्रत्यक्षात लखनौच्या बियांपासून त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीतील फळ संशोधन केंद्रात, डॉ. चीमा यांच्या हातून. कलम लावताना सांधा मातीच्या वर राहील असे पाहावे. लिंबात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ चांगला, पण फळासाठी तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. पपई वर्षाच्या आत फळते आणि तिच्या गरातून ‘अ’ जीवनसत्त्वाची सोय होते. गर्भवतीने कच्ची, चिकाळ पपई टाळावी. पिकलेल्या फळाचा बाऊ करण्याचे कारण नाही.

शेवगा आपल्याकडे शेंगांसाठी लावतात. पाला खाण्याची चाल कोकणात आहे, गोकुळाष्टमीला तेथे शेवग्याच्या पाल्याची भाजी घरोघर होते. घाटावर मात्र तो पाला शेळीपुढे पडतो. त्यात लोह आहे, चुना म्हणजे कॅल्शियम आहे, ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य आहे. कोवळा पाला तेल-लसणाच्या फोडणीत परतावा. ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडे तेल हवेच असते. झाड डोक्याइतक्या उंचीवर छाटत राहावे, म्हणजे पाला हाताशी येतो आणि पोरे वर चढत नाहीत. शेवग्याची फांदी ठिसूळ असते. तिच्यावरून पडून हात मोडलेली मुले प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली आहेत. पावसाळ्यात या झाडावर केसाळ सुरवंट होतात. अंगावर पडल्यास चोळू नये, चिकटपट्टी लावून ओढावी म्हणजे केस निघून येतात.

ज्यांना मूत्रखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक, चुका आणि अळू बेताने खावे आणि पाणी भरपूर प्यावे. ज्यांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी नवी बाग फुलली म्हणून पालेभाजी एकदम वाढवू नये. पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. त्यांनी रोजचे प्रमाण सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

पाटीवरचे गुण

अलीकडे रोपवाटिकांत झाडाबरोबर एक पाटी लावलेली असते. ‘हवा शुद्ध करणारे’, ‘डास पळवणारे’, ‘साखर उतरवणारे’. व्यापाऱ्याने आपला माल वाखाणावा यात काही गैर नाही, पण पाटी वाचणाऱ्याने थोडे थांबावे.

हवा शुद्ध करण्याची कथा १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून पसरली. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता. आपल्या घराला दारे-खिडक्या आहेत आणि त्यांतून हवा सतत येते-जाते. तेथे चार कुंड्यांनी फरक पडत नाही. चुलीच्या धुरासाठी खिडकी उघडणे आणि घरात विडी न ओढणे, हे शंभर कुंड्यांपेक्षा उपयोगी. मनीप्लांट सुंदर दिसतो म्हणून जरूर आणावा.

डासांचेही तसेच. गवती चहा, तुळस, झेंडू यांच्या पानांतील तेलाचा वास डासांना नकोसा असेल, पण नुसते झाड कोपऱ्यात उभे राहून काही करत नाही. गवती चहाचा चहा मात्र थंडीत फार छान लागतो.

सर्वांत जपून राहावे ते ‘इन्सुलिनचे झाड’ या नावाच्या रोपापाशी. रोज एक पान चावून खाल्ले की मधुमेह जातो, असे विकणाराही सांगतो आणि शेजारचाही सांगतो. त्या पानात इन्सुलिन नसते. आणि समजा असते, तरी तोंडाने घेतलेले इन्सुलिन पोटात पचून जाते, म्हणूनच तर ते टोचावे लागते. पान खाल्ल्याने लगेच काही बिघडत नाही, बिघडते ते गोळी बंद केल्याने. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळते, साखर चारशेच्या घरात जाते, तेव्हा ती पानाची गोष्ट बाहेर येते. झाड लावा, फूल पाहा, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. गुळवेलीचा काढाही रोज, महिनोन् महिने घेऊ नये. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला, वाद झाला. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर मात्र वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता काढा थांबवून तपासून घ्यावे.

अंगणातील विष

देवाच्या फुलांसाठी कण्हेर आणि पिवळी बिट्टी आपण कुंपणाला लावतो. दोन्ही झाडे दिसायला गोड आणि मुळापासून बीपर्यंत विषारी. त्यांचे विष थेट हृदयावर जाते. नाडी मंदावते, अनियमित होते, उलट्या होतात आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू येतो. बिट्टीची हिरवी फळे आणि आतल्या कडक बिया घेऊन मुले खेळतात, हे खेड्यापाड्यांत आजही दिसते. घरात पाच-सहा वर्षांखालील मूल असेल तर ही दोन झाडे नवीन लावू नयेत, असलेली काढून टाकावीत. फुलांसाठी जास्वंद, तगर, शेवंती आहेतच.

दिवाणखान्यातल्या कुंड्यांत मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफनबेकिया नावाचे झाड फार खपते. रांगत्या मुलाने त्याचे पान चावले की तोंडात आग होते, जीभ सुजते, लाळ गळू लागते. त्यात सुईसारखे स्फटिक असतात. गार पाण्याने तोंड धुवावे, आणि घशाला सूज येऊन श्वासाला अडथळा वाटल्यास धावत दवाखाना गाठावा. एरंड आणि गुंज यांच्या बिया चावून फोडल्या तर प्राणघातक ठरतात. गुंजांच्या लाल-काळ्या बिया मुलांच्या पेटीत तर नाहीत ना, ते एकदा पाहावे.

मुलाने असे काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. त्याने अपाय वाढतो. तोंडातील अवशेष काढावेत, १०८ वर फोन करावा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी, फळ, पान बरोबर घेऊन जावे. डॉक्टरला झाड ओळखता आले तर उपचाराचे बरेच तास वाचतात. मूल हसत-खेळत असले तरी जावे, कारण बिट्टीचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो.

औषधांच्या बाटल्यांचीही तीच कथा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते आपण विसरलेलो नाही. चार कुंड्यांसाठी तसली औषधे आणण्याची गरजच नसते. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, निंबोळी अर्क वापरावा, फारच किडलेले रोप उपटून टाकावे. तरीही काही आणलेच तर ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

कुंडीखालची बशी

रोपे घरी आली, लावून झाली. आता पाणी. कुंडीतून गळणारे पाणी फरशीवर सांडू नये म्हणून आपण खाली बशी ठेवतो. डेंग्यूचा डास घाण गटारात अंडी घालत नाही. त्याला असेच स्वच्छ, साचलेले, सावलीतले पाणी हवे असते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय त्याची अंडी बशीच्या काठाला चिकटून कोरडीच कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागले की उघडतात. म्हणून बशी नुसती उपडी करून भागत नाही, आठवड्यातून एक वार ठरवून ती काथ्याने घासावी. मनीप्लांटच्या बाटलीचे पाणीही त्याच दिवशी बदलावे. बशीत वाळू भरून ठेवली तर आणखी सोपे.

परसात काम करताना पायात चप्पल असू द्यावी, बूट असतील तर अधिक बरे. आकडी जंताच्या अळ्या ओलसर मातीतून उघड्या पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रोज थोडे थोडे रक्त शोषतात. मेथी लावायची रक्तासाठी आणि लावताना रक्त गमवायचे, असा उलटा व्यवहार व्हायला नको. ताजे शेण किंवा मैला पालेभाजीला घालू नये, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वापरावे. वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलांना जरूर खाऊ द्यावी. खुरप्याची जखम झाली तर साबण-पाण्याने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखम खोल व मातीने भरलेली असून पाच वर्षे उलटली असतील, तर ते पुन्हा घ्यावे.

वाफ्यासाठी रान साफ करताना हाताला मोजे नसतील तर जुनी पिशवी गुंडाळावी. गाजर गवत आता फुलावर असते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ज्याची पहिली नोंद झाली ते हे गवत आज प्रत्येक पडीक जागेत आहे. त्याने कातडीला खाज सुटते आणि परागांमुळे शिंका व दमा उठतो. ते फुलाआधी, ओल असताना उपटावे. साप आणि विंचू पाचोळ्यात असतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने ढोसावे. उंच गवतात उंदरांच्या अंगावरील बारीक किड्यांच्या अळ्याही असतात. त्या चावल्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यानंतर नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून ती दाखवत नाही. रान साफ केल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर अंग तपासून अशी खपली पाहावी, आणि आपण गवतात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने हा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. या मोसमातील कोणत्याही तापावर मनाने अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नये, कारण तो डेंग्यू असल्यास रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल घ्यावे, पाणी-सरबत प्यावे आणि दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर रक्त तपासून घ्यावे.